इग्वाना चावला, ७ टाके पडले. आठ महिने शहाणा असलेला प्राणी असा अचानक का बिथरतो?

डॅलसचा दिन्या (१२ डिसेंबर)

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय आणि तोही एका हाताने टाईप करून, तेव्हा शुद्धलेखनावरून कोणी झोडू नका.

झालं असं की एप्रिलमध्ये आमचे शेजारी घर बदलून गेले आणि जाताना त्यांचा हिरवा इग्वाना आमच्या गळ्यात घालून गेले. नर आहे, ३ वर्षांचा, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेचार फूट भरेल, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच. माझी लेक ११ वर्षांची, तिने आठवडाभर बाबा प्लीज बाबा प्लीज करून डोकं खाल्लं, बायको म्हणाली हा घरात आला तर मी बाहेर, आणि दोन महिन्यांनी तीच त्याच्यासाठी जास्वंदीची कुंडी घेऊन आली. नाव त्याचं रेक्स. माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलीये, ती त्याला बंड्या म्हणते, आणि आता सगळेच बंड्या म्हणतात.

आठ महिने प्राणी एकदम साधू. मी ऑफिसचा कॉल करताना खांद्यावर येऊन बसायचा. गेले दोन आठवडे मात्र खाणं कमी झालंय, काचेला छाती लावून दिवसभर येरझारा घालतो, आणि खांदे, पुढचे पाय केशरी व्हायला लागलेत, मला वाटलं गाजर जास्त झालं असेल. रविवारी सकाळी नेहमीसारखा वरून हात घालून वाडगा उचलायला गेलो तर आडवा झाला, फुगला, आणि काय होतंय कळायच्या आत अंगठा आणि बोटाच्या मधल्या मांसल भागाला धरून झटका दिला. दात दिसतसुद्धा नाहीत एवढे बारीक, पण कापलं ब्लेडने कापावं तसं. मी ओरडून हात ओढला ते अजून वाईट झालं. ७ टाके. अर्जंट केअरमधल्या डॉक्टरने माझ्यासमोरच गुगल केलं, मग धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक दिलं.

आता लेक त्याच्या खोलीत जायला घाबरते, बायको म्हणतेय देऊन टाक कुणालातरी. याला राग कशाचा आलाय? आणि आता हा कायम असाच राहणार का? कोणी पाळलेत का असले प्राणी?

---

शंकासुर (१२ डिसेंबर)

पाल खांद्यावर घेऊन ऑफिसचा कॉल. काय दिवस आले. कुत्रा पाळायला काय झालं होतं?

---

कट्ट्यावरची काकू (१२ डिसेंबर)

अरे देवा ७ टाके! हळदीचं दूध घे आणि आईंना सांग त्याच्या जवळ जाऊ नका म्हणून. आमच्याकडे भिंतीवरची पाल चुकचुकली तरी माझी झोप उडते आणि तू साडेचार फुटाची घरात ठेवलीस. रेबीजचं इंजेक्शन घेतलंस का पण? ते डॉक्टर विसरले तर नाहीत ना?

---

पशुवैद्य पुणे (१३ डिसेंबर)

काकू, रेबीजची गरज नाही. तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे, कुत्रा, मांजर, माकड, वटवाघूळ वगैरे. पाल, सरडा, साप, कासव यांच्यापासून होत नाही. माझ्याकडे दर महिन्याला एकदा तरी हा प्रश्न येतो म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो.

दिन्या, तुझं उत्तर तूच लिहिलंयस, केशरी रंग. गाजराचा काही संबंध नाही. तुझा बंड्या वयात आलाय आणि त्याचा विणीचा हंगाम सुरू झालाय. दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान नर मोठे होतात, मग दरवर्षी साधारण हिवाळ्यात काही आठवडे ते दोन-तीन महिने त्यांच्या अंगात येतं म्हण ना. हत्तीला मद येतो तसं समज. खाणं कमी, येरझारा, मान वरखाली डोलावणं, काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर धावून जाणं, सगळं त्यातलंच. आठ महिने तो शहाणा होता कारण या आठ महिन्यांत हंगाम आलाच नव्हता. आधीच्या मालकाकडे गेल्या हिवाळ्यात काय झालं होतं ते विचारून बघ एकदा, लोक सांगत नाहीत पण बऱ्याचदा असे प्राणी "घर बदलतोय" म्हणून दिले जातात त्यामागे हेच असतं.

राग वगैरे काही नाही. तुला तो या दिवसांत दुसरा नर समजतोय एवढंच.

दातांबद्दल. इग्वाना शुद्ध शाकाहारी, पण त्याचे दात पानं कातरायला बनलेत, चपटे आणि कडेला करवतीसारखे कंगोरे असलेले. म्हणून त्याचा चावा कुत्र्यासारखा भोकं पाडणारा नसतो, कापणारा असतो. तू हात ओढलास तेव्हा त्या करवतीवरून मांस ओढलंस. पुढच्या वेळी (येऊ नये, पण आलीच तर) हात स्थिर ठेवायचा, प्राण्याला जमिनीवर टेकू द्यायचं आणि डोक्यावर टॉवेल टाकायचा. अंधार झाला की बहुतेक वेळा सोडतो. आम्ही दवाखान्यात इग्वानाच्या डोळ्यांवर कापसाचे बोळे ठेवून हलकी पट्टी गुंडाळतो, डोळ्यांवर हलका दाब आला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि गडी शांत पडतो. हे घरी करू नका, डोळ्याला इजा होईल, टॉवेल पुरे.

---

डॅलसचा दिन्या (१३ डिसेंबर)

डॉक्टर, डोकं सुन्न झालं वाचून. आत्ता शेजाऱ्यांना मेसेज केला. उत्तर आलं, "ओह येस, ही गेट्स अ लिटल स्पायसी अराउंड ख्रिसमस." लिटल स्पायसी!! माझा अंगठा बघा म्हणावं.

---

शंकासुर (१३ डिसेंबर)

थोडक्यात प्राण्याला लग्न करायचंय. आईंना सांगा स्थळ बघायला.

---

सर्पमित्र सातारा (१३ डिसेंबर)

गेली १४ वर्षं साप पकडतो, त्यात घोरपडीचे कॉल पण येतात, विहिरीत पडलेली, कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलेली, एकदा तर शाळेच्या संडासात. दोनदा चावलीये मला. इग्वाना मी फक्त व्हिडिओत पाहिलाय पण घोरपडीबद्दल सांगतो कारण लोक दोन्ही एकच समजतात. घोरपडीचे दात मागे वळलेले, ती मांसाहारी, धरलं की सोडत नाही, उलट दाबत जाते. पहिल्यांदा चावली तेव्हा मला कुणीतरी सांगितलं होतं की शेपटी ओढ म्हणजे सोडेल, शेपटी ओढली आणि तिने अजून आवळलं. शेवटी पाण्याच्या पिंपात हात बुडवला घोरपडीसकट, तेव्हा कुठे सुटली. आणि चाव्यापेक्षा शेपटीचा फटका जास्त लागतो, पोटरीवर वळ उठतो चाबकाने मारल्यासारखा.

पण एक सांगतो, त्या दोन्ही वेळा चूक माझीच होती. घोरपड चावायच्या आधी भरपूर वेळ देते. गळा फुगवते, फुसफुसते, शेपटी वाकडी करून तयार ठेवते, तुम्ही दोन पावलं मागे गेलात तर ती उलटी पळते. कोपऱ्यात कोंडली की मगच चावते. गावात लोक म्हणतात घोरपड विषारी, फुंकर मारली तरी माणूस मरतो, म्हणून दिसली की काठ्या घेऊन धावतात. तिच्यामुळे कोणी मेलेलं मी तरी पाहिलं नाही, पण माणसांनी मारलेल्या घोरपडी मात्र खूप पाहिल्यात.

---

शंकासुर (१३ डिसेंबर)

आणि तानाजीची यशवंती? ती चावली नाही का कोणाला? सिंहगडाचा कडा चढली दोर लावून.

---

सर्पमित्र सातारा (१३ डिसेंबर)

१६७० ची कोंढाण्याची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, पोवाड्यात ऐकायला मस्त वाटते. पण मी घोरपड हातात धरलीये आणि एवढंच सांगतो की तिच्या कंबरेला दोर बांधून कड्यावर सोडली तर ती वर जाईल, खाली येईल का कपारीत शिरून बसेल हे तिलाच माहीत. दोराला माणूस लटकवायचा आपण तरी विचार करणार नाही.

---

गडकरी मावळा (१३ डिसेंबर)

इतिहासाची थट्टा करू नका. घोरपडे घराण्याचं नाव काय उगाच पडलंय का?

---

सर्पमित्र सातारा (१३ डिसेंबर)

थट्टा नाही दादा, आदरच आहे, दोघांचाही. वेगळा धागा काढा, तिथे येतो बोलायला.

---

बारावी नापास नाही (१४ डिसेंबर)

मी पुण्यात असतो इंजिनिअरिंगला. मला पण इग्वाना घ्यायचाय, एकजण १५ हजाराला देतोय, बेबी आहे, हातावर बसतो, अजिबात चावत नाही म्हणाला. हॉस्टेलवर चालेल का? आणि घोरपडीचं पिल्लू पण मिळेल म्हणाला, ते स्वस्त आहे.

---

पशुवैद्य पुणे (१४ डिसेंबर)

बाळा, घोरपडीचं पिल्लू मिळेल म्हणणाऱ्या माणसाचा नंबर आधी ब्लॉक कर. भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत आणि चारही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या रांगेत. पाळणं सोड, तिचा अवयव सुद्धा जवळ ठेवणं गुन्हा आहे. ती "हत्था जोडी" म्हणून विकतात ना पूजेला, झाडाचं मूळ आहे सांगून, ती नर घोरपडीची सुकवलेली जननेंद्रियं असतात. ज्यांच्या तिजोरीत आहे त्यांनी हे वाचून घ्यावं.

इग्वाना परदेशी आहे, त्याचं वेगळं. तो साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये येतो, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार असे प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदणी करायची आहे. विकणाऱ्याकडे कागद माग. कागद नाहीत म्हणाला तर उठून ये.

आणि "बेबी आहे, चावत नाही" याला काहीच अर्थ नाही. बेबी चावत नाही कारण बेबी घाबरून गोठलेलं असतं. लोकांना वाटतं शांत आहे, प्रेमळ आहे. वीतभर पिल्लू तीन वर्षांत दिन्याच्या बंड्याएवढं होतं, नीट सांभाळलं तर १५ ते २० वर्षं जगतं, खोलीएवढा पिंजरा, ३५ डिग्रीपर्यंत ऊब देणारा दिवा आणि वर यूव्हीबी लाईट (उन्हासारखे अतिनील किरण देणारा) लागतो, नाहीतर हाडं रबरासारखी मऊ होतात. माझ्याकडे येणाऱ्या दहा इग्वानांपैकी निम्म्यांचा जबडा हाताने वाकतो अशी अवस्था असते. आणि मालक सांगतो रोज पालक घालतो डॉक्टर.

---

शंकासुर (१४ डिसेंबर)

म्हणजे पालीला पालक चालत नाही? मग ते नाव कशाला ठेवलंय?

---

पशुवैद्य पुणे (१४ डिसेंबर)

हा हा. रोज नाही चालत, पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. मोहरीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, भोपळा हे चांगलं. वहिनींनी आणलेली कुंडी म्हणूनच सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे या धाग्यात.

---

फ्लोरिडाकर (१४ डिसेंबर)

दिन्या, काहीही झालं तरी बाहेर सोडून देऊ नकोस ही विनंती. आमच्याकडे हाच प्रकार झाला, लोकांनी पाळले, मोठे झाल्यावर सोडून दिले, आता दक्षिण फ्लोरिडात कालव्याच्या काठाकाठाने इग्वानाच इग्वाना. माझ्या स्विमिंग पूलमध्ये हगतात. २०२१ पासून इथे नवीन इग्वाना पाळायला बंदीच घातली आहे, ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांना परमिट आणि मायक्रोचिप. थंडीची लाट आली की गारठून झाडावरून धपाधप पडतात, जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान खात्याने खरोखर इशारा दिला होता की आज झाडावरून इग्वाना पडतील. मेलेत असं समजून एकाने म्हणे गाडीत भरले आणि गाडीच्या हीटरने सगळे जिवंत झाले, खरं खोटं देव जाणे पण आमच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. डॅलसच्या थंडीत तर तो एका रात्रीत जाईल.

बाकी जंगली इग्वाना मला कधी चावला नाही, दहा फुटांवर गेलं की पाण्यात उडी मारतो. घरातलाच चावतो, कारण घरातल्याला पळायला जागा नसते.

---

निळी जीभ (१५ डिसेंबर)

सिडनीहून हजेरी. इथे इग्वाना पाळताच येत नाही, परदेशी सरपटणाऱ्यांना बंदी, पण देशी पाळायला राज्य सरकारचं लायसन्स मिळतं. आमच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन आहे ६ वर्षांपासून. दिन्या, लेकीला सरडाच हवा असेल तर हा बघ. दीड-दोन फुटांचा, दिवसा जागा, आणि मनातलं सगळं तोंडावर. चिडला की गळ्याची दाढी काळीकुट्ट करतो. दबला की एक हात उचलून हळूहळू टाटा करतो. थंडीत आठवडेच्या आठवडे झोपतो. चावला मला ६ वर्षांत एकदाच, आणि ते पण मी लाल नेलपॉलिश लावून स्ट्रॉबेरी भरवत होते म्हणून, तो कुठली स्ट्रॉबेरी आणि कुठलं बोट यात फसला. चिमटा बसल्यासारखं, रक्ताचा एक थेंब.

तुमच्या अमेरिकेत जे आहेत ते सगळे पूर्वी ऑस्ट्रेलियातून बाहेर गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं, आता इथून एक पण न्यायला परवानगी नाही.

बागेत ब्लूटंग सरडा येतो तो वेगळाच नमुना. हात लावलास की तोंड उघडून निळीशार जीभ दाखवतो, फुसफुसतो, नुसता आव. पण गोगलगायी फोडून खातो त्यामुळे जबडा पक्कडीसारखा. माझ्या नवऱ्याने त्याला रस्त्यातून उचलून बाजूला ठेवायचं पुण्य केलं, बोट फाटलं नाही पण नख काळं पडलं ते तीन महिने. तेव्हापासून माझी आयडी ही.

---

गुवाहाटीतला गडी (१५ डिसेंबर)

बँकेच्या बदलीमुळे ४ वर्षं आसामात आहे. इथे घराच्या वाशांत टोके नावाची पाल असते, फूटभर लांब, राखाडी अंगावर शेंदरी ठिपके, रात्री "टो-के टो-के" ओरडते, पहिल्या रात्री मला वाटलं कोणी हाक मारतंय. दिसायला इतकी देखणी की हात लावायचा मोह होतो. लावू नका. आमच्या शिपायाच्या बोटाला धरलं तिने आणि वीस मिनिटं सोडलं नाही, तो बिचारा बोटाला पाल लटकवून कॅश काउंटरच्या मागे उभा. शेवटी बादलीत हात घातला.

हिचं दुःख वेगळंच आहे. मध्यंतरी अफवा उठली की हिच्यापासून एड्सचं औषध होतं, लाखो रुपये भाव, सगळं खोटं, पण पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन पकडत सुटली. शेवटी २०१९ मध्ये हिला साइटिसमध्ये घातली.

---

कट्ट्यावरची काकू (१५ डिसेंबर)

मला एक सांगा हे सगळं वाचून पण माझी शंका राहिलीच, इग्वाना विषारी आहे का नाही? माझ्या भाच्याने कुठेतरी वाचलं म्हणे की सगळ्याच सरड्यांना विष असतं असं शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय.

---

पशुवैद्य पुणे (१५ डिसेंबर)

भाच्याने अर्धं बरोबर वाचलंय. २००६ मध्ये ब्रायन फ्राय आणि त्याच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला 'नेचर'मध्ये, की साप, घोरपडी आणि इग्वाना यांच्या पूर्वजात विषासारखी प्रथिनं बनवणाऱ्या ग्रंथी होत्या आणि त्याचे अवशेष अजून दिसतात. त्यावर अजून शास्त्रज्ञांची भांडणं चालू आहेत. पण इग्वानाच्या चाव्याने माणसाला विषबाधा होत नाही. जखम आणि जंतू, भीती या दोनच गोष्टींची.

खरोखर विषारी आणि तरी लोक पाळतात असा म्हणजे गिला मॉन्स्टर, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला. जाडजूड, संथ, काळा-गुलाबी मण्यांची पिशवी वाटावी असा. विष खालच्या जबड्यात, साप टोचतो तसं टोचत नाही, चावून चावून मुरवतो. वेदना भयंकर पण माणसं सहसा वाचतात. सहसा म्हणतोय, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये कोलोरॅडोत ३४ वर्षांचा माणूस त्याच्याच पाळलेल्या गिला मॉन्स्टरच्या चाव्यानंतर गेला.

आता गंमत बघा, त्याच्याच विषातून संशोधक जॉन एंग यांनी १९९२ मध्ये एक्सेंडिन-४ नावाचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्यावरून मधुमेहाचं औषध एक्सेनाटाइड आलं, २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता. आज जी वजन उतरवणारी इंजेक्शनं सगळीकडे गाजतायत ती त्याच घराण्यातली.

---

कट्ट्यावरची काकू (१५ डिसेंबर)

अग्गोबाई. माझी जाऊबाई ते इंजेक्शन घेते. तिला आजच सांगते कुठल्या घराण्यातलं ते.

---

डॅलसचा दिन्या (१७ डिसेंबर)

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. एक निरीक्षण लिहायचंय. चार दिवस मी आणि बायको दोघंही त्याच्यापासून लांब आहोत, वाडगा लांब चिमट्याने सरकवतो, तरी मला पाहिलं की गळ्याखालची कातडी ताणून, चारही पायांवर उंच होऊन, बाजूने चपटा होऊन उभा राहतो, शेपटीचं टोक थरथरत असतं. पण आईला काहीच करत नाही!! ती सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्या पिंजऱ्यापाशी खुर्ची टाकून बसते, रामरक्षा म्हणते, मग जास्वंदीचं फूल दारात ठेवते आणि परत बसते. तो येतो, फूल खातो, जातो. ती म्हणते तू त्याच्याशी नीट बोलत नाहीस म्हणून चावला.

---

शंकासुर (१७ डिसेंबर)

रामरक्षेचा प्रभाव. सिद्ध झालं.

---

पशुवैद्य पुणे (१७ डिसेंबर)

प्रभाव आहेच, पण कशाचा ते बघू. आई खुर्चीवर बसते, म्हणजे ती उंच नाही. बाजूला बसते, समोरून रोखून बघत नाही. रोज त्याच वेळी येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मला खात्री आहे, तिने त्याला आजपर्यंत एकदाही हात लावलेला नाही. बरोबर?

तू काय केलंस, वरून हात घातलास. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका दिसेल बघ, तो तिसरा डोळा आहे, खरंच. चित्र दिसत नाही त्याने, पण उजेड आणि सावली कळते. जंगलात वरून सावली आली म्हणजे ससाणा आला. एरवी तो तुझी सवय म्हणून सहन करत होता, या दिवसांत सहन करत नाही.

आणि अजून एक, तो खांद्यावर बसून डोळे मिटायचा का रे? तुला वाटत असेल, कुरवाळलं की सुखाने डोळे मिटतो. बऱ्याच वेळा ते सुख नसतं. पळता येत नाही तर निदान दिसू तरी नये म्हणून मिटतात. नेहमीच असं नाही, काही खरोखर सैलावतात, पण अंग कडक असेल आणि डोळे मिटलेले असतील तर हात काढून घ्यायचा.

---

डॅलसचा दिन्या (१७ डिसेंबर)

आईला विचारलं. म्हणाली, "मी कशाला हात लावू, मला किळस येते त्याची."

आणि हो, मिटायचा डोळे. लेकीने त्याचे तसे फोटो काढून फ्रिजवर लावलेत. आता ते बघून कसंतरी होतंय.

---

निळी जीभ (१७ डिसेंबर)

आई बेस्ट आहेत!!

---

नर्स ताई ठाणे (१८ डिसेंबर)

चाव्याबद्दल सगळे बोलले पण मला दुसरीच काळजी वाटतेय. ११ वर्षांची मुलगी आहे, तिने त्याचा पापा घेतलाय का कधी? वाडगा किचनच्या सिंकमध्ये धुता का? सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पोटात साल्मोनेला नावाचा जंतू असतो, त्यांना काही होत नाही, विष्ठेतून अंगावर, पिंजऱ्यावर, पाण्यात सगळीकडे येतो आणि माणसाला जुलाब, ताप. पाच वर्षांखालची मुलं आणि म्हातारी माणसं यांना जास्त. अमेरिकेत छोटी कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती याच कारणाने, मुलं तोंडात घालायची. तुमच्या आई फूल देतात ते चांगलंच, पण नंतर साबणाने हात धुतात ना, हे बघा. आणि त्याची भांडी बाथरूममध्ये धुवा, किचनमध्ये नको.

जखमेचं पण, टाके काढले म्हणजे संपलं असं नाही. २०२२ मध्ये कोस्टारिकाच्या किनाऱ्यावर ३ वर्षांच्या मुलीच्या हातातला केक पळवताना जंगली इग्वाना चावला होता, जखम छान भरली, आणि पाच महिन्यांनी तिथेच गाठ आली. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू निघाला, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा. घाबरवत नाहीये, फारच विरळा आहे, पण तिथे गाठ दिसली तर डॉक्टरला "इग्वाना चावला होता" हे आठवणीने सांगा, नाहीतर ते दुसरंच शोधत बसतील.

---

डॅलसचा दिन्या (१८ डिसेंबर)

ताई, सिंकचं खरं आहे. आजपासून बंद. पाप्याचं लेकीला विचारलं तर ती गप्प बसली, म्हणजे घेतलाय.

बायको विचारतेय की नसबंदी करून टाकली तर?

---

पशुवैद्य पुणे (१८ डिसेंबर)

करता येते, पण हंगाम सुरू झाल्यावर करून लगेच फरक पडेल याची हमी नाही, काहींमध्ये पडतो, काहींमध्ये नाही, आणि भूल देण्याची जोखीम आहेच. पहिलं वर्ष नुसतं निभावून ने. काचेला आतून कागद लाव म्हणजे प्रतिबिंब दिसणार नाही. लेकीला महिनाभर आत सोडू नकोस. एक जुना मोठा मोजा किंवा सॉफ्ट टॉय आत ठेव, तो काय करायचं ते करेल, मुलांना त्या वेळी बाहेर पाठव.

---

शंकासुर (१८ डिसेंबर)

मी म्हणालो होतो ना स्थळ बघा. मोज्याचं निघालं.

---

बारावी नापास नाही (२० डिसेंबर)

मी नाही घेतला. त्याच्याकडे कागद नव्हते. आता तो म्हणतोय लेपर्ड गेको (ठिपक्यांची छोटी पाल) देतो, तो पण शेपटी हलवतो कुत्र्यासारखी, म्हणजे खुश असतो म्हणे.

---

पशुवैद्य पुणे (२० डिसेंबर)

लेपर्ड गेको हळूहळू शेपटी हलवतो तेव्हा तो शिकारीवर टपलेला असतो किंवा तुला "पुढे येऊ नको" सांगत असतो. चावा मामुली असतो, जास्त घाबरला तर शेपटीच तोडून टाकतो. त्या विक्रेत्याला आधी हे शिकव.

---

डॅलसचा दिन्या (२३ फेब्रुवारी)

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं राहिलं होतं. केशरी रंग बराच उतरलाय, फक्त पुढच्या पायांवर थोडा राहिलाय. गेल्या आठवड्यापासून पूर्ण वाडगा संपवतो. मोज्याची आम्ही चर्चा करत नाही. मी आता आईसारखा खुर्ची टाकून बसतो, रामरक्षा येत नाही म्हणून पेपर मोठ्याने वाचतो. पहिले दोन आठवडे मला बघून मान डोलवायचा, आता बघून न बघितल्यासारखं करतो, डॉक्टर म्हणतात हीच प्रगती. खांद्यावर घेणं मी बंद केलंय. लेकीने फ्रिजवरचे फोटो काढून टाकले, सांगितलं नव्हतं कोणी. अंगठ्याला गाठबीठ नाही, व्रण आहे, आणि थंडीत जरा दुखतो.

अडचण वेगळीच झालीये. आई १५ मार्चला सांगलीला परत चाललीये, आणि तो सकाळी आठला दारापाशी येऊन तिचीच वाट बघतो. काल मी तिच्याच खुर्चीत बसलो, फूल ठेवलं, तर अर्धा तास आलाच नाही, मग आई स्वयंपाकघरातून नुसती खोकली आणि हा बाहेर. कोणी काही उपाय सांगेल का?

---

कट्ट्यावरची काकू (२३ फेब्रुवारी)

आईंचं तिकीट पुढे ढकल.